फोर बाय सिक्समागचा माणूस

सेंड-ऑफचा ग्रुप फोटो आठवा. तीन रांगा, मागच्या रांगेत उंच पोरं, पुढे मांडी घालून बसलेली मंडळी आणि दोन्ही टोकांना कसेबसे घुसलेले दोघं-तिघं. फोनच्या स्क्रीनवर सगळे व्यवस्थित मावलेले असतात. मग वर्गातलं कुणीतरी उत्साही माणूस सगळ्यांकडून पैसे गोळा करतं, चाळीस प्रिंट टाकतं आणि संध्याकाळी पाकीट उघडल्यावर बोंब होते. मागच्या रांगेतल्यांची कपाळं गायब, पुढच्यांचे बूट गायब. स्टुडिओवाल्याशी हुज्जत घातली तर तो शांतपणे सांगतो, की फोर बाय सिक्समध्ये एवढंच बसतं.

तो खोटं बोलत नसतो. तुमच्या फोनचा फोटो ४:३ या प्रमाणातला असतो आणि त्याचा कागद ३:२ प्रमाणातला. सहा इंच रुंदीला तुमचा फोटो साडेचार इंच उंच होतो, कागद मात्र चारच इंच उंच. उरलेला अर्धा इंच, म्हणजे फोटोचा नववा हिस्सा, वरून-खालून कापला जातो. त्या नवव्या हिश्श्यात नेमकी आपल्या मित्रांची डोकी असतात, हे आपलं नशीब.

पण मुळात कागद ३:२ का? हे प्रमाण कुणा समितीनं टेबलाभोवती बसून ठरवलं नाही. ते एका दमेकरी जर्मन कारागिरामुळे रुजलं. त्याचं नाव ऑस्कर बार्नाक. फोटोग्राफीत शिरलेल्या प्रत्येकाला हे नाव कधी ना कधी भेटतंच. लायका हा कॅमेरा त्याचा.

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ चा, ब्रांडेनबुर्गमधल्या लिनो नावाच्या खेड्यातला. पुढे घरचे बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डे इथं राहायला आले. तिथं तो एका कारखान्यात उमेदवारी करायला लागला. कारखाना खगोलशास्त्राची उपकरणं बनवणारा, म्हणजे काम बारीक दात्यांच्या चाकांचं आणि केसाएवढ्या फरकाचं. बार्नाक इंजिनिअरिंग कॉलेजात कधी गेला नाही. त्या काळच्या जर्मन रिवाजाप्रमाणे उमेदवारी संपवून तो हत्यारांची पेटी घेऊन गावोगाव काम करत फिरला, व्हिएन्नापर्यंत जाऊन आला. १९०२ मध्ये येना शहरातल्या झाइस कंपनीत लागला. भिंगांच्या दुनियेत झाइस म्हणजे तेव्हाही पंढरी.

येनाच्या आजूबाजूला थुरिंगियाचं जंगल आहे. बार्नाकला सुट्टीत तिथं भटकायचा आणि फोटो काढायचा नाद. पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे काय प्रकरण होतं ते लक्षात घ्या. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा, लाकडी पेटीसारखा कॅमेरा, प्लेटांचे खण, वर भला मोठा स्टँड. हे सगळं चामडी पिशवीत घालून डोंगर चढायचा. आणि याला दमा. धाप लागली की थांबायचं, श्वास खाली बसला की पुन्हा उचलायचं. ज्या माणसाची छाती धडधाकट असते तो अशा वेळी कॅमेऱ्याला दोन शिव्या घालून पुढे जातो. बार्नाकला तो चैनीचा पर्याय नव्हता. एक तर नाद सोडायचा, नाहीतर कॅमेरा लहान करायचा.

लहान करण्याचा त्याचा पहिला प्रयत्न फसला. एकाच काचेच्या प्लेटवर पंधरा-वीस छोटी छोटी चित्रं ओळीनं घ्यायची आणि मग प्रत्येक चित्र मोठं करून छापायचं, असा बेत होता. कल्पना बरोबर होती, पण प्लेटवरचा रासायनिक लेप जाडाभरडा. चित्र मोठं केलं की तपशिलाऐवजी दाणेच दिसायचे. आज व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आपण मोठ्या फ्रेमसाठी छापायला देतो आणि चेहऱ्यावर चौकोन चौकोन दिसतात, तेच दुखणं. छोट्या जागेत जेवढी माहिती मावली तेवढीच कागदावर उतरणार. ताणली म्हणून ती वाढत नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण आता तिची सवय गेली आहे. त्या काळी बहुतेक फोटो मोठे करून छापतच नसत. प्लेट थेट कागदावर ठेवायची आणि प्रकाश दाखवायचा. जेवढी प्लेट तेवढा फोटो. त्यामुळे फोटो मोठा हवा तर कॅमेराही मोठाच. पाच बाय सात, आठ बाय दहा ही आजही स्टुडिओच्या दरपत्रकावर दिसणारी मापं त्याच प्लेट-कॅमेऱ्यांच्या जमान्यातली. म्हणून तर ती फोर बाय सिक्सशी प्रमाणात जुळत नाहीत. एकाच भिंतीवर दोन वेगळ्या काळांतले कागद विकायला ठेवलेत आणि आपण त्यांना एकाच कुटुंबातले समजतो.

झाइसमध्ये बार्नाकबरोबर एमिल मेखाऊ नावाचा कारागीर होता. सिनेमाच्या प्रोजेक्टरवर त्याचे प्रयोग चालायचे. तो येना सोडून वेट्झलार गावच्या लाइट्स कंपनीत गेला. ही कंपनी सूक्ष्मदर्शक बनवण्यात नावाजलेली. मेखाऊनं तिथं बार्नाकची शिफारस केली आणि जानेवारी १९११ मध्ये बार्नाक वेट्झलारला रुजू झाला. त्याच्याकडे प्रयोगशाळेतल्या यंत्रकामाची जबाबदारी आली. कंपनीला कॅमेऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मालक एर्न्स्ट लाइट्स यांना सूक्ष्मदर्शक हवे होते आणि बार्नाक ते काम चोख करत होता. बाकी जे केलं ते त्याच्या स्वतःच्या वेळात.

त्या दिवसांत त्यानं एक सिनेमा कॅमेरा बनवला. त्यामुळे ३५ मिलिमीटर रुंदीची सिनेमाची फिल्म त्याच्या हाताखाली आली. ही फिल्म काचेसारखी जड नाही, फुटत नाही, गुंडाळता येते आणि तिच्यावरचा लेप त्याच्या जुन्या प्लेटांपेक्षा बारीक. फसलेला बेत पुन्हा डोक्यात आला.

आता खरी गंमत. थोडं गणित आहे, पण आठवीच्या पलीकडचं नाही.

ही फिल्म रुंदीला ३५ मिमी. दोन्ही कडांना भोकांच्या रांगा, म्हणजे चित्रासाठी मधे उरतात २४ मिमी. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म वरून खाली धावते. म्हणून २४ मिमी ही चित्राची रुंदी होते आणि चार भोकांच्या अंतरात बसेल अशी १८ मिमी उंची. २४ बाय १८, म्हणजे ४:३. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही मांडणी बसवली आणि पुढे सगळ्या सिनेमानं, नंतर टीव्हीनं, मग कॉम्प्युटरच्या पडद्यांनी हेच प्रमाण उचललं. आजच्या फोनचा ४:३ त्याच घराण्यातला.

बार्नाकच्या लक्षात आलं की १८ बाय २४ चा तुकडा कागदावर मोठा करायला अपुरा आहे. पण फिल्मची रुंदी तर वाढवता येत नाही. मग त्यानं फिल्म आडवी केली. वरून खाली न धावता ती डावीकडून उजवीकडे सरकू लागली. आता २४ मिमी ही उंची झाली आणि लांबीला त्यानं सिनेमाच्या दोन चौकटी एकत्र घेतल्या. १८ अधिक १८ बरोबर ३६. चार भोकांऐवजी आठ भोकं. चित्राचं क्षेत्रफळ थेट दुप्पट. २४ बाय ३६, म्हणजे २:३.

बस्स, एवढंच. सौंदर्यशास्त्र नाही, सुवर्ण गुणोत्तर नाही. इंटरनेटवर कुणी ३:२ चा संबंध शंखशिंपल्यांच्या वळणाशी जोडला तर हसून सोडून द्या. बाजारात आयत्या मिळणाऱ्या फिल्ममधून जास्तीत जास्त जागा मिळवण्याची ती एका कारागिराची युक्ती होती.

या युक्तीभोवती त्यानं १९१३-१४ च्या सुमारास एक धातूचा कॅमेरा बनवला. खिशात मावेल असा. वापरायचा नसेल तेव्हा भिंग आत ढकलून ठेवायचं. फिल्म पुढे सरकवताना भिंगावर झाकण लावायला लागायचं, नाहीतर प्रकाश आत शिरायचा. आज त्या नमुन्याला ऊर-लायका म्हणतात, म्हणजे आद्य लायका. ३५ मिमी फिल्मवर स्थिर फोटो काढणारे आणखी काही कॅमेरे त्याच सुमाराला इतरांनीही बनवले होते, तेव्हा पहिलेपणाचा मान बार्नाकला एकट्याला देण्यात अर्थ नाही. इतरांचे कॅमेरे विसरले गेले आणि याचा टिकला, हे मात्र खरं.

तो कॅमेरा घेऊन तो वेट्झलारच्या गल्ल्यांमधून फिरू लागला. स्टँड नाही, काळं फडकं नाही, लोकांना खिळवून उभं करणं नाही. घरची मुलं, बाजाराचा चौक, रस्त्यावरची माणसं. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धाच्या भरतीचा हुकूम गावात चिकटवला गेला, तेव्हा तिथल्या सैनिकाचा फोटो त्यानं टिपला. १९२० मध्ये लान नदीला पूर आला आणि वेट्झलारच्या रस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हाही तो कॅमेरा घेऊन बाहेर होता. रोजच्या पेपरात आपण ज्याला न्यूज फोटो म्हणतो त्याची बाळपावलं तिथं दिसतात. हे फोटो काढणारा पत्रकार नव्हता, सूक्ष्मदर्शकाच्या कारखान्यातला कारागीर होता.

युद्धानं मधली वर्षं खाल्ली. १९२० मध्ये थोरले लाइट्स वारले आणि कारभार मुलाकडे, दुसऱ्या एर्न्स्ट लाइट्सकडे आला. हा मुलगा बार्नाकचा कॅमेरा १९१४ मध्येच अमेरिकेच्या दौऱ्यावर वापरून आला होता, त्यामुळे त्याला वस्तू माहीत होती. पण जर्मनीची अवस्था काय होती? १९२३ मध्ये मार्कची किंमत इतकी घसरली होती की पावासाठी नोटांची पुडकी न्यावी लागत. अशा वेळी नवीन धंद्यात पैसे घालायचे?

आधी पंचवीसेक कॅमेरे चाचणीसाठी बनवले. त्यांना शून्य मालिका म्हणतात. ते फोटोग्राफर आणि दुकानदारांना दाखवले, तर प्रतिसाद थंडा. व्यावसायिकांना हे खेळणं वाटलं. पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठी निगेटिव्ह, तिच्यातून काय फोटो निघणार? शिवाय ती मोठी करायला वेगळं यंत्र लागणार, तो आणखी एक खर्च. शंका अगदीच चुकीच्या होत्या असं नाही. जून १९२४ मध्ये कंपनीत या विषयावर लांबलचक बैठक झाली. बरीच मतं विरोधात होती. शेवटी धाकट्या लाइट्सनं सगळ्यांचं ऐकून घेऊन धोका पत्करायचा आणि कॅमेरा काढायचा असा निर्णय दिला. त्यामागे कामगारांच्या हाताला काम राहावं हाही विचार होता, असं सांगितलं जातं. बार्नाकची दहा वर्षांची खटपट त्या एका निर्णयावर लटकलेली होती. तो दुसरीकडे झुकला असता तर आज आपल्या अल्बमचे कप्पे कदाचित वेगळ्या मापाचे असते.

छोट्या निगेटिव्हचा सगळा भार भिंगावर. ते काम माक्स बेरेक या शास्त्रज्ञानं केलं. भिंग इतकं रेखीव हवं की २४ बाय ३६ मिमीवर पडलेलं चित्र कितीतरी पट वाढवलं तरी विरघळू नये. आपल्या फोर बाय सिक्ससाठीच ते सव्वाचार पट वाढतं, आठ बाय बारासाठी साडेआठ पट. १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्सचा ला आणि कॅमेऱ्याचा का, असं मिळून नाव ठेवलं लायका.

एका रोलमध्ये छत्तीस फोटो का, याचीही एक आख्यायिका आहे. म्हणे बार्नाक फिल्म कापताना दोन्ही हात पसरायचा आणि तेवढी लांबी घ्यायचा. त्याच्या हातांच्या कवेत जेवढे फोटो बसले तेवढे. खरं-खोटं त्या लान नदीला ठाऊक, पण गोष्ट छान आहे म्हणून सांगितली.

पुढचं वेगानं झालं. १९३० मध्ये भिंगं बदलता येऊ लागली, १९३२ मध्ये अंतर मोजून फोकस जुळवणारी सोय कॅमेऱ्यातच आली. १९३४ मध्ये कोडॅकनं उजेडात भरता येणारी ३५ मिमी फिल्मची डबी बाजारात आणली आणि २४ बाय ३६ ही चौकट कंपन्यांच्या सीमा ओलांडून गेली. त्याच सुमारास आंरी कार्तिए-ब्रेसाँ नावाच्या फ्रेंच तरुणाच्या हातात लायका आला. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या शेवटच्या दिवसांचे आणि अंत्ययात्रेचे जे फोटो जगभर गेले, त्यातले कितीतरी त्याचे. क्रॉप करायला त्याचा कडवा विरोध. चौकट कॅमेऱ्यातच ठरवायची, नंतर कात्री नाही. तरी गंमत बघा, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२ चा जगप्रसिद्ध फोटो क्रॉप केलेला आहे, कारण कुंपणाच्या फटीतून काढताना एका बाजूला फळी आडवी आली होती. तेव्हा क्रॉप करताना फार अपराधी वाटून घेऊ नका.

या चौकटीला आव्हान देण्याचा प्रयत्नही झाला. १९४८ मध्ये निकॉननं आपला पहिला कॅमेरा काढला तो २४ बाय ३२ चा, म्हणजे चक्क ४:३. एका रोलमध्ये चार फोटो जास्त निघतील आणि छपाईच्या कागदावर चित्र नीट बसेल, असा हिशोब. पण अमेरिकेत रंगीत स्लाइड कापणारी यंत्रं ३६ मिमीच्या मापावर बसवलेली, त्यांच्याशी हे जुळेना. निकॉननं आधी २४ बाय ३४ करून पाहिलं आणि शेवटी १९५४ मध्ये मुकाट २४ बाय ३६ स्वीकारलं. आज ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर, लाखभर रुपये मोजून घेतलेला, मापानं तेवढाच असतो. त्यात फिल्म नाही, भोकं नाहीत, तरीही सिनेमाच्या दोन चौकटींची बेरीज तशीच आहे.

आणि कागदानं कॅमेऱ्याचं ऐकलं. निगेटिव्ह २:३, म्हणून छपाईचा कागदही जर्मनीत १० बाय १५ सेंटिमीटर आणि आपल्याकडे चार बाय सहा इंच. न कापता पूर्ण निगेटिव्ह कागदावर. ३५ मिमी फिल्मवर फोटो काढत होते तोवर हे सगळं जुळून होतं.

म्हणून आता जुळवायचं काम आपलं. ग्रुप फोटो काढताना डोक्यांच्या वर आणि पायांच्या खाली जरा मोकळी जागा सोडा, नववा हिस्सा जाणार हे धरूनच. प्रिंटला देण्याआधी फोनच्या एडिटमध्ये क्रॉपचं प्रमाण ३:२ करा आणि चौकट स्वतः सरकवा. काय कापायचं हे तुम्ही ठरवलं नाही तर मशीन ठरवतं, आणि मशीन सरळ मधोमध धरून दोन्हीकडून कापतं. त्याला एचओडी सर कोण आणि मागचा पंखा कोण, हे कळत नाही. एकही माणूस कापायचा नसेल तर स्टुडिओत पूर्ण फोटो बसवा म्हणून सांगा. दोन्ही बाजूंना इंचाचा तिसरा हिस्सा पांढरी पट्टी येईल, पण माणसं शाबूत राहतील. फोनवर १६:९ ठेवून काढलेला फोटो असेल तर कात्री उलट्या दिशेनं चालते, साधारण सहावा हिस्सा डाव्या-उजव्या टोकांचा जातो. टोकाला उभे राहणारे मित्र जपा. आणि मोठ्या कॅमेऱ्यातून काढलेल्या ३:२ फोटोची आठ बाय दहा फ्रेम करायची म्हटली, तर तिथंही सहावा हिस्सा जाणार. त्याऐवजी आठ बाय बारा मागा.

पिक्सेलचा हिशोबही बार्नाकच्या दाण्यांचाच. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर फोर बाय सिक्सला १८०० बाय १२०० पुरतात. फोनचा ४००० बाय ३००० चा मूळ फोटो त्यासाठी भरपूर आहे, क्रॉप केल्यावरही. पण तोच फोटो चॅटवरून फिरत फिरत १६०० पिक्सेलचा होऊन आला, तर आठ बाय बाराला इंचामागे जेमतेम १३३ पिक्सेल उरतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. फाइलच्या माहितीत ७२ डीपीआय दिसलं म्हणून घाबरू नका, तो नुसता शिक्का असतो. एकूण पिक्सेल किती ते बघा.

बार्नाकला हे यश फार काळ बघता आलं नाही. दम्यानं त्याचा पिच्छा सोडला नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी बाड नाउहाइम इथं तो गेला, वय ५६. तोवर त्याचा कॅमेरा जगभरच्या वार्ताहरांच्या गळ्यात आला होता. स्वतः तो शेवटपर्यंत कंपनीतला कारागीरच राहिला. त्याच्या जन्मशताब्दीला, १९७९ मध्ये, त्याच्या नावानं फोटोग्राफीचा पुरस्कार सुरू झाला, तो अजून दिला जातो.

शून्य मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा तो स्वतः वापरायचा. वर त्याचं नाव कोरलेलं. जून २०२२ मध्ये वेट्झलारमध्येच त्याचा लिलाव झाला आणि बोली गेली १ कोटी ४४ लाख युरोवर. तेव्हापर्यंत कुठल्याच कॅमेऱ्याला एवढी किंमत आली नव्हती. त्यात आज रोल भरला आणि कॉलेजच्या गेटसमोर सगळ्यांना उभं करून खटका दाबला, तर नाक्यावरच्या स्टुडिओत त्याची फोर बाय सिक्स एकाही डोक्याला धक्का न लावता निघेल.